पडद्याला वर्गाबाहेर काढताना

आमचे गुरुजी कुठलंही यंत्र बिघडलं असं कधी म्हणत नसत. शाळेतलं घड्याळ मागे पडलं, तर ते आळस करतंय. पाण्याची मोटर सुरू झाली नाही, तर ती रुसलीय. आणि कापडे गावाच्या पुढच्या चढावर त्यांची स्कूटर मधेच बंद पडली आणि मागे बसलेली मी घाबरून खाली उतरले, की ते हँडल थोपटत शांतपणे म्हणायचे, "घाबरू नका बाई. बिघडली नाय ती, दम खातेय." मग मी, गुरुजी आणि स्कूटर असे तिघंही रस्त्याकडेला पाच मिनिटं दम खायचो.

कापड्याच्या वर डोंगरात असलेल्या एका वाडीतली आमची शाळा. शिक्षक दोनच. गुरुजी मुख्याध्यापक आणि मी उरलेलं सगळं. मी महाडहून यायची. पोलादपूरपर्यंत एक एसटी, तिथून कापड्यापर्यंत दुसरी आणि पुढे ही दम खाणारी स्कूटर. गुरुजी मूळचे उमरठचे. वाडीतली लहानथोर सगळी त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव मला फक्त मस्टरवर दिसे, आणि दर वेळी वाटे, हे कोण गृहस्थ?

गुरुजी स्कूटरवर हेल्मेट घालत नसत आणि शाळेत घालत. हे मी नव्याने रुजू झाले त्या दिवशी पाहिलं आणि मला वाटलं, काढायचं विसरले असतील. पण प्रार्थना झाली, हजेरी झाली, पाढे झाले, तरी डोक्यावर हेल्मेट आहेच. शेवटी मी भीत भीत विचारलं. त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. मागे कधीतरी एक कौल सुटून थेट त्यांच्या टेबलावर पडलं होतं.

"पण मग गुरुजी, रस्त्यावर का नाही घालत?"

"रस्त्यावर गाडी मीच चालवतो ना बाई? मी काय करणार ते मला माहीत असतं. कौल काय करणार ते कुणाला माहीत?"

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. गुरुजींनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि कपाटातून दुसरं हेल्मेट काढून दिलं. साहेबांनी वर पाहिलं, हेल्मेट पाहिलं, आणि निमूटपणे घातलं. मग दोन हेल्मेटवाले समोरासमोर बसून गुणवत्ता विकासावर तासभर बोलले. मी फळ्याकडे तोंड करून ओठ चावत उभी होते.

दुसरी त्यांची खोड म्हणजे हजेरी. मुलांची तर घ्यायचेच, पण डस्टर, खडूचा डबा, नकाशे, एवढंच काय, खिचडीच्या भांड्यांचीही घ्यायचे. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या काकी होत्या, त्या चुलीपाशी बसून भांड्यांच्या वतीने ओ द्यायच्या. गुरुजी दारातून "मोठं पातेलं?" म्हणायचे, काकी म्हणायच्या, "हजर गुरुजी." "झाकणी?" "झाकणी माज्या घरी गेलीय, येतेय दुपारी."

एकदा वर्गात कुणीतरी शिटी वाजवली. गुरुजी फळ्यावर लिहीत होते. वळून पाहिलं, सगळी मुलं साधीभोळी. पुन्हा पाठ वळली, पुन्हा शिटी. ओरडणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्याकडे पद्धत होती. त्यांनी हजेरीपट उघडला आणि पहिल्या नंबरच्या मुलाला बाहेर पाठवलं. शिटी आली. दुसऱ्याला पाठवलं. शिटी आली. नियम असा, की गेलेला बाहेरच थांबणार. चोर सापडेपर्यंत कुणालाही आत घ्यायचं नाही. अर्ध्या तासाने वर्गात शेवटच्या नंबरची पहिलीतली चिमुरडी उरली, जिला पुढचे दात नसल्यामुळे शिटी येणंच शक्य नव्हतं. तिलाही बाहेर काढलं. मग गुरुजी स्वतः बाहेर आले. आणि रिकाम्या वर्गातून झकास शिटी आली. वर आढ्याला साळुंकीने घरटं केलं होतं.

मी म्हटलं, "आता?"

"आता काय? सापडला ना चोर! पद्धत बरोबर हाय," गुरुजी म्हणाले, आणि त्या दिवशीचा सगळा अभ्यास अंगणात झाला.

अशा माणसाच्या शाळेत लॅपटॉप आला.

वाडीतली निम्मी घरं मुंबईला. त्यांचं तिकडे मंडळ आहे, आणि मंडळाचे अध्यक्ष दर शिमग्याला गावी येताना शाळेसाठी काहीतरी घेऊन येतात. एका वर्षी त्यांनी कुठल्याशा ऑफिसातून वापरलेला लॅपटॉप मिळवून आणला. सगळी वाडी शाळेत जमली. अध्यक्षांनी भाषण केलं, "एकदम टॉप कंडिशन हाय. फुल टच! माऊसबिऊस कायपन टेन्शन नाय. बोट लावला का चालू!"

बोट लावायचं म्हटल्यावर वाडी कशाला मागे राहते? नवी वस्तू घरात आली की हळदीकुंकू लागतंच. काकींनी अंगठ्याने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हळद आणि कुंकवाची दोन ठसठशीत बोटं लावली. मागोमाग प्रत्येक बाई आली, तिनेही लावली. पुरुष आले, त्यांनी पडद्याला हात लावून कपाळाला लावला. शेवटी गुरुजींनी टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. नारळ नेहमीपेक्षा जास्तच पाणीदार निघाला. टाळ्यांच्या कडकडाटात निम्मं पाणी पडद्याच्या चौकटीत आणि निम्मं बटणांत गेलं. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत वाडी प्रसाद खात होती.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपला हातपाय फुटले. बटणांपैकी फक्त वरची आकड्यांची ओळ जिवंत राहिली, तो प्रश्न वेगळाच. पण पडदा! कुणी बोट न लावता तो आपला आपण दाबला जाऊ लागला. मी कवितेचा व्हिडिओ लावावा, तर पडद्याने तो बंद करून कॅलेंडर उघडावं. कॅलेंडर बंद करावं, तर आवाज टिपेला न्यावा. थोडा वेळ गप्प बसायचा, आपल्याला वाटायचं सुधारला, की पुन्हा टकटक सुरू. मुलं खूश. कवितेपेक्षा हे कितीतरी बरं होतं.

काकी दारातून बघत होत्या. त्यांनी पदर सावरला. "गुरुजी, ह्यात कायतरी हाय. मानूस दिसत नाय न् बोट फिरतंय. लिंबू उतरवू काय?"

"नको काकी. नारळानं केलंय ते पुरे हाय."

गुरुजींनी पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि निदान केलं, "बिघडलं नाय. हाताला चाळा हाय." मग त्यांनी लॅपटॉपला करड्या आवाजात हाताची घडी घालायला सांगितलं. त्याने घड्याळ उघडून दाखवलं. तेव्हा गुरुजींनी त्याला उचललं आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर खरंच गप्प होता. बॅटरी संपली होती. पण मी ते बोलून दाखवलं नाही, कारण गुरुजींच्या चेहऱ्यावर शिक्षा लागू पडल्याचं समाधान होतं.

दुरुस्तीला न्यायचीही सोय नव्हती. अध्यक्षांच्या कानावर गेलं तर मंडळाचा अपमान. ते मुंबईहून फोन करून विचारायचे, "लॅपटॉप कसा हाय गुरुजी?" गुरुजी सांगायचे, "मजेत हाय. फार हुशार हाय. आपलं आपण शिकतो."

आता माझं. अवघड क्षेत्रात, म्हणजे अशा आडबाजूच्या शाळेत, माझी तीन वर्षं भरली होती आणि मला बदली मागता येणार होती. माझी मुलगी महाडला सासूबाईंपाशी होती. मी सकाळी निघायचे तेव्हा ती झोपलेली आणि परत यायचे तेव्हा ती पेंगुळलेली. हल्ली ती सासूबाईंनाच आई म्हणायला लागली होती. मला कुणी दोष दिला नव्हता. पण एसटीत बसले, की ती हाक पोलादपूरपर्यंत माझ्या कानात वाजत राहायची. दासगावच्या बाजूला एक जागा रिकामी होती, घरापासून वीस मिनिटांवर. ती मला हवी होती. अगदी हवीच होती.

अर्ज ऑनलाइन. शेवटच्या दिवसापर्यंत पोर्टल काही उघडेना. महाडच्या सायबर कॅफेत दोन संध्याकाळी रांगेत उभी राहून मी हात हलवत घरी आले होते. शेवटच्या दिवशी दुपारी, ऐन खिचडीच्या वेळी, एका मैत्रिणीचा निरोप आला, उघडलंय, सहापर्यंत भर. खाली जायला एसटी पाचची. माझ्या फोनवर अर्जाचं पान अर्धंच दिसत होतं, खालचं बटण कुठे गायबच. राहता राहिला आमचा तो फुल टच.

गुरुजी म्हणाले, "काढा त्याला. आज परीक्षा हाय त्याची." त्यांनी आपला फोन पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला, कारण नेट तिथेच यायचं, आणि तेच लॅपटॉपला जोडलं. मुलांना सांगितलं, "आज बाईंचा दासगावचा फारम भरायचाय. एकदम गप बसायचं." मुलं गप्प बसली, पण ते गप्प बसणं मला काही बरं वाटलं नाही.

मोबाइल नंबरचे आकडे टाकून मी आत शिरले. पहिलाच प्रश्न, बदली हवी का? मी बोट नेण्याआधीच पडद्याने 'नको' दाबलं. मी 'हवी' केलं, त्याने पुन्हा 'नको' केलं. मागून एक बारीक आनंदाचा चीत्कार आला. मी पुन्हा 'हवी' करून घाईघाईने पुढे गेले, शाळांची यादी उघडली. मी दासगावकडची शाळा निवडेपर्यंत यादी सरसर वर गेली आणि पहिल्या पसंतीला भलत्याच डोंगरावरची शाळा जाऊन बसली. तिथून महाडला रोज येणं-जाणं शक्यच नव्हतं. त्यातच पडद्याने 'सादर करा' दाबलं असतं, तर पुढची काही वर्षं माझ्या लेकीने मला पाहुणी समजलं असतं. मी मैत्रिणीला फोन लावला.

तिने सांगितलं, पडद्याचा टच बंद करता येतो, डिव्हाइस मॅनेजर उघड, त्यात सगळ्या भागांची यादी असते. पुढचं ऐकू येण्याआधी फोन तुटला. मी ते पान उघडलं. लांबलचक यादी, सगळी इंग्रजी नावं, एकसारखी एक. मी हातपाय गाळले. गुरुजी मात्र वाकून पाहू लागले आणि त्यांचे डोळे लकाकले.

"बाई, हा तर हजेरीपट हाय!"

पुढे काय होणार ते मला कळलं. पण दुसरा उपाय तरी कुठे होता? गुरुजी टचपॅडवर, म्हणजे बटणांखालच्या चौकोनी पट्टीवर, बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि एकेकाला बंद करू लागले. कॅमेरा गेला. पडदा आपला टकटक करतोच आहे. "ह्यो नव्हता. बाहेर थांब." आवाज गेला. ब्लूटूथ गेलं. मी म्हटलं, गुरुजी, निरपराध ठरला त्याला परत आत घेत चला. ते म्हणाले, "तसं नसतं बाई. नियम म्हणजे नियम." आणि पुढचं एक नाव बंद केलं.

पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. गुरुजींनी टचपॅडवर बोट फिरवलं, घासलं, टिचकी मारली. काही नाही. त्यांनी टचपॅडच बंद केला होता. म्हणजे ज्या हाताने मुलांना बाहेर काढत होते, तो हातच बाहेर काढला. आता लॅपटॉप चालवायचा, तर एकच साधन उरलं होतं, तो मस्तीखोर पडदा.

मी डोक्याला हात लावून मटकन बाकावर बसले. आणि मला हसू फुटलं. इतकं, की काकी पळीसकट धावत आल्या. सगळे गुणी विद्यार्थी वर्गाबाहेर आणि आत एकटा चोर, टकटक करतोय!

"टचपॅडला आधी आत घ्या," मी हसता हसता म्हटलं.

"चोर सापडायच्या आधी कुनी आत येत नाय."

"अहो गुरुजी, सापडलाय! आत दुसरं कोण उरलंय?"

हे त्यांना पटलं. आता काम पडद्याकडूनच करून घ्यायचं होतं. टचपॅडच्या नावावर बोट दाबून धरायचं, मग सुरू करायचं. पण मधेच त्याचा चाळा सुरू झाला, की सगळं मुसळ केरात. गुरुजींनी दोन मिनिटं नुसतं निरीक्षण केलं आणि शोध लावला, की टकटक झाली की पडदा साधारण बारा आकडे मोजेपर्यंत विश्रांती घेतो. तेवढ्यात काम उरकायचं. त्यांनी वर्गाला हुकूम दिला, "मी खूण केली का मोजायचं. बारा म्हटलं की मी बोट काढणार."

खूण झाली. वर्ग गरजला, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, अकरा, बारा!" गुरुजींनी दचकून बोट उचललं. पुन्हा खूण. पुन्हा "बारा!" अर्ध्यातच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा गुरुजी सावकाश मागे वळले. मोजणाऱ्यांची पुढारी होती तिसरीतली सानिका, जिला वीसपर्यंतचे पाढे झोपेत यायचे.

"सानिका, सात कुठं गेला गो?"

सानिका उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "सात आज गैरहजर हाय, गुरुजी."

"न् नऊ, दहा?"

"ती त्याच्यासंगं गेलीत."

मला पुन्हा हसू आलं. पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण सानिकाची हनुवटी थरथरत होती. "बारा झालं का बाई जातील ना," ती म्हणाली. मागे कुणीतरी मुसमुसलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे, राहू दे तो 'नको'च. गुरुजी खाली बसले, सानिकाच्या उंचीला आले.

"बाईंना पोरगी हाय. तुमच्याहून बारकी. तीपन आकडे मोजत बसते, कधी आई येईल म्हणून. तिचे आकडे कुनी खाल्ले तर?"

सानिकाने नाक पुसलं. मुलांकडे वळून तिने हात वर केला. खूण झाली आणि वर्ग मोजू लागला. एक ते बारा, प्रत्येक आकडा हजर. सात तर जरा जास्तच ठणठणीत म्हटला सगळ्यांनी. नऊला टचपॅड आत आला. बाण हलला. गुरुजींनी घाम पुसला, मी बाण यादीत त्याच्या खालच्याच टच स्क्रीनच्या नावावर नेला आणि त्याला बंद केलं. खरंच बंद करायचंय का, असं विचारलं. गुरुजी ओरडले, "हो म्हणा, हो!"

पडदा शांत झाला. आम्ही वाट पाहिली, वीसपर्यंत मोजलं. काही नाही. काकींनी लांबूनच हात जोडले.

मग मी यादी उघडली. दासगावची शाळा पहिली. दुसरी, तिसरी, सगळ्या महाडच्या आसपासच्या. शेवटी 'सादर करा' आलं, तेव्हा मी उगीच गुरुजींकडे पाहिलं. माझ्यामागे त्यांना ही शाळा एकट्याने ओढायची होती. पहिली ते पाचवी, पाचही इयत्ता. दुसरं माणूस कधी येईल याचा भरवसा नव्हता. तीन वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नव्हता आणि मीही सोयीस्करपणे काढला नव्हता.

"बघताय काय बाई?" ते म्हणाले. "सहा वाजतील."

मी दाबलं. फोनवर आलेले आकडे टाकले. अर्ज सादर झाला, असं हिरव्या अक्षरांत आलं. मला जे हवं होतं ते झालं होतं आणि मी ढसाढसा रडत होते.

गुरुजी ताडकन उभे राहिले. "पोरांनो, बाईंचं काम झालं! वाजवा टाळ्या!"

कुणीही हात हलवला नाही. सगळी मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. मग गुरुजी एकटेच टाळ्या वाजवू लागले. जोरजोरात, माझ्याकडे अजिबात न बघता, खिडकीबाहेर डोंगराकडे तोंड करून. थांबेचनात. शेवटी सानिकाने विचारलं, "गुरुजी, तुमी एकटंच किती वाजवताय?"

"तुमच्या वाटच्यापन मीच वाजवतोय गो," गुरुजी म्हणाले. "एकोणीस जणांच्या हायत. वेळ लागनार."

आणि त्यांना खरंच खूप वेळ लागला.